खर्जाच्या बाजूने

वैशाखातल्या एका रविवारी आमच्या बाईंच्या स्मरणार्थ बैठक होती. बैठक म्हणजे घरगुतीच. दिवाणखान्यात सतरंज्या अंथरलेल्या, तीस-पस्तीस माणसं, गायला माझी गुरुभगिनी, तबला, पेटी आणि मागे तानपुऱ्यावर मी. परदेशातल्या शिष्यांनाही ऐकता यावं म्हणून कुणीतरी लॅपटॉप उघडून स्टुलावर ठेवला होता. पूरिया धनाश्रीने सुरुवात झाली, भैरवीला साडेनऊ वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉस्टनहून भाचीचा निरोप आला, फोनवर बोलून पाठवलेला. "मावशी, गाणं फार छान झालं गं. पण एक सांग, तू वाजवत होतीस ना? तुझा हात हलताना दिसत होता, आवाज अजिबात नव्हता." मग तिनेच उलगडून सांगितलं. तिचं कामच त्यातलं आहे. अशा ऑनलाइन ॲपमध्ये माणसाचं बोलणं स्वच्छ यावं म्हणून एक गाळणी बसवलेली असते. जो आवाज एकसारखा चालू राहतो, थांबत नाही, बदलत नाही, तो तिच्या लेखी गोंगाट. पंखा, कूलर, एसी. बोलणं ती पुढे सोडते आणि हे मागच्या मागे गाळून टाकते. "तुझा तानपुरा तिला पंखा वाटला," भाची म्हणाली.

पंखा.

यंत्राला काय कळणार, असं म्हणून मी चहा टाकला, मेथी निवडायला घेतली. पण दिवसभर ते मनातून जाईना. एकोणतीस वर्षं मी बाईंच्या मागे बसले. मिरजेहून आणलेला तानपुरा, मंगळवेढ्याकडचा भोपळा. बैठकीच्या आधी तासभर नुसतं जुळवणं चालायचं. पंचमाची तार, मग जोड, शेवटी खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची तार. घोडीवर तारेखालचा सुती दोरा सरकवत जायचं, केसभर इकडे, केसभर तिकडे. बराच वेळ तार नुसती टणत्कार करत राहते. मग एका जागी दोरा येतो आणि ती एकदम उघडते, आणि खर्जातून कुणीच न छेडलेला गंधार आपणहून बोलायला लागतो. तो ऐकू आला की बाई मान न वळवता म्हणायच्या, "आली." तेवढंच. त्यांची एकच ताकीद असे, ठेक्याबरोबर जायचं नाही. तबला सुरू झाला की बोटं नकळत मात्रेवर पडायला लागतात, समेला जोर येतो. तसं होऊ न देणं, सगळी मैफल डोलत असताना आपण आपल्याच सावकाश चालीने तारांवरून जात राहणं, हे शिकायला मला तीन वर्षं लागली. एकसारखं, न थांबता, न बदलता. ज्यासाठी हाताला घट्टे पाडले, नेमकी तीच गोष्ट गाळणीने गोंगाट म्हणून ओळखली होती.

हे सगळं मी संध्याकाळी भाचीला लिहिलं. ती गाणारी नाही, पण ऐकणारी आहे. बॉस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये स्वस्तातली तिकिटं काढून अधूनमधून जाते. तिने उत्तरात एक जुनं रेकॉर्डिंग पाठवलं आणि खाली लिहिलं, की मी तिथे बसले की माझं लक्ष उजव्या कडेला जातं, तिथे ते माणसाहून उंच डबल बेस, व्हायोलिनच्या घराण्यातलं सर्वांत खालच्या सुराचं वाद्य, घेऊन आठ जण उंच स्टुलांवर टेकलेले असतात. त्यांच्याकडे बघून मला तुझी आठवण येते. आणि हे वाजवतोय तो माणूस याच ऑर्केस्ट्राचा पंचवीस वर्षं प्रमुख होता, मूळचा बेसवाला. रेकॉर्डिंग 1929 चं. वाजवणारा सर्गेई कुसेवित्स्की. धूनही त्याची स्वतःची, तीनेक मिनिटांची, उदास. फोनवर ऐकली तेव्हा मला तो चेलो वाटला, बेसचा धाकटा भाऊ. मग वडिलांचे जुने लाकडी स्पीकर जोडले आणि तीच धून पुन्हा लावली. आता वर सूर होता आणि त्याच्या खाली लाकूड होतं. गज तारेवर टेकतो, तार हलायला क्षणभर वेळ घेते, आणि मग तो जाड आवाज जमिनीवरून आपल्याकडे येतो. सर्वांत खालची तार सेकंदाला जेमतेम 41 वेळा थरथरते. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला ती कशी झेपणार? लाकडी स्पीकरला हात लावला तर पडदा थरथरताना बोटांना कळत होता.

त्या उन्हाळ्यात मी या माणसाच्या मागे लागले. दुपारी बाहेर पडवत नव्हतं आणि शिकवण्यांना सुट्टी होती, म्हणून मिळेल ते वाचत आणि ऐकत गेले. त्याचा जन्म 1874 चा, मॉस्कोच्या वायव्येला विश्नी वोलोचोक नावाच्या गावातला. ज्यू कुटुंब, आणि सगळं घर वाजवणारं. तिकडे लग्नाकार्यात वाजवणाऱ्या ज्यू मंडळींना क्लेझ्मर म्हणतात. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ नुसता 'गाण्याचं साधन', म्हणजे वाद्य. पुढे वाद्याचं नाव माणसाला चिकटलं, आपल्याकडे वाजंत्री म्हटलं की वाद्यही आलं आणि वाजवणाराही, तसं. अशा वातावरणातला पोरगा संगीत शिकायला मॉस्कोला निघाला. पण ज्यूंना मॉस्कोत राहायची मुभा नव्हती. मग बाप्तिस्मा घेतला आणि शाळेत प्रवेश मिळाला. डबल बेससुद्धा आवडीने निवडला असं नाही. शिष्यवृत्ती ज्या थोड्या वाद्यांना उरली होती त्यात बेस होता, म्हणून बेस, असं सांगतात. बेस कुणाला नको असायचा. मला हे वाचताना आमच्या क्लासमधली पहिली संध्याकाळ आठवली. बाईंनी विचारलं, तानपुऱ्याला कोण बसेल? सगळ्यांना गायचं होतं. मी खोलीच्या कोपऱ्यात तानपुऱ्याशेजारीच बसलेली होते, म्हणून मी.

पण त्या नको असलेल्या वाद्यावर त्याने जे केलं ते थक्क करणारं आहे. विसाव्या वर्षी, 1894 मध्ये, बोल्शोई थिएटरच्या ऑर्केस्ट्रात. 1901 मध्ये त्या विभागाचा प्रमुख. मग एकट्याच्या मैफली. डबल बेससाठी एक कंचेर्तो, म्हणजे एकटा वादक पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना, स्वतः लिहिला, तो 1905 मध्ये मॉस्कोत वाजवला, आणि आजही जगभरचे बेस शिकणारे विद्यार्थी त्याच्यावरून जातात. एकट्याने वाजवायचं तर बेसवाले तारा एक स्वर चढवून घेतात, म्हणजे आवाजाला धार येते. मला ही गोष्ट फार विचारात पाडणारी वाटली. मागे राहायचं असेल तर तार खालीच ठेवायची, पुढे यायचं असेल तर चढवायची. त्याच वर्षी त्याने एका गडगंज चहाच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केलं, नोकरी सोडली, बर्लिनला जाऊन ऑर्केस्ट्रासमोर उभं राहायला शिकला. 1908 मध्ये बर्लिन फिल्हार्मोनिकसमोर पहिल्यांदा उभा राहिला. परत येऊन स्वतःचा ऑर्केस्ट्रा जमवला, प्रकाशनसंस्था काढली, आणि 1910 मध्ये सगळा ऑर्केस्ट्रा आगबोटीत घालून व्होल्गा नदीवरून गावोगाव वाजवत गेला. त्या आगबोटीचं मला राहून राहून कौतुक वाटतं. काठावरच्या गावात संध्याकाळी बोट लागत असेल, हमाल ते प्रचंड बेस फळीवरून खाली उतरवत असतील. ज्या गावात आयुष्यात कुणी सिंफनी ऐकली नाही तिथे ती पहिल्यांदा ऐकू येत असेल. पुढे क्रांती झाली. 1920 मध्ये त्याने देश सोडला, पॅरिस, आणि 1924 मध्ये बॉस्टन.

मला तो आवडत होता आणि त्याचा रागही येत होता. राग याचा की त्याने बेस सोडला. ऐंशी-नव्वद वादकांसमोर छडी घेऊन उभा राहणारा, स्वतः एकही स्वर न वाजवणारा माणूस झाला. आणि दुसरी एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्याचा सर्वांत लाडका शिष्य लेनर्ड बर्नस्टाईन, पुढे स्वतःही ऑर्केस्ट्रासमोर उभा राहून नाव कमावलेला. हा तरुण अमेरिकन ज्यू 1940 मध्ये त्याच्याकडे शिकायला आला. कुसेवित्स्कीने त्याला मनापासून सल्ला दिला, की आडनाव बदल, बर्न्स कर, या नावाने तुला पुढे जाता येणार नाही. बर्नस्टाईनने नाही म्हटलं. सल्ला चुकीचा होताच. पण तो देणारा माणूस कोवळ्या वयात एका शहरात राहायला मिळावं म्हणून धर्म बदलून आलेला होता. त्याला दार कसं उघडतं ते माहीत होतं, आणि त्याची किंमत काय पडते तेही. प्रेमापोटी तो आपलीच वाट त्या मुलाला दाखवत होता. मी दोन दिवसांनी पुस्तक पुन्हा उघडलं. शेवटच्या वर्षी, 1951 मध्ये, इस्रायल फिल्हार्मोनिकच्या पहिल्या अमेरिका दौऱ्यावर वृद्ध कुसेवित्स्की त्याच बर्नस्टाईनबरोबर गेला, ज्याने नाव बदललं नव्हतं त्याच्याबरोबर. जूनमध्ये वारला. त्या दौऱ्यात एखाद्या संध्याकाळी दोघांमध्ये बर्न्स या नावाचा विषय निघाला असेल का, हा विचार मी पुष्कळदा करते.

आणि मग ते रेकॉर्डिंग. 1929 मध्ये तो पंचावन्न वर्षांचा होता, अमेरिकेतल्या पहिल्या दोन-तीन ऑर्केस्ट्रांपैकी एकाचा सर्वेसर्वा. बेस वाजवायची त्याला काहीच गरज नव्हती. बोटं रोज तारेवर नसली तर चार महिन्यांत मऊ पडतात, हे मी स्वतःच्या बोटांवरून सांगते. म्हणजे रेकॉर्डिंगसाठी तो आधी पुष्कळ दिवस एकटा बसून घोटत असणार. त्या धूनमध्ये एक जागा आहे. सूर वर जातो, थोडा कमी पडतो, आणि वादक बोट सरकवून तो गाठतो. आजचा वादक ते पुन्हा वाजवून नीट करेल. त्याने तसंच ठेवलंय, किंवा ठेवावं लागलं. मी ती जागा शंभरदा ऐकली असेल. बाई सत्तरीनंतर तार सप्तकातल्या षड्जाला अशाच पोहोचायच्या, खालून, हात धरून वर चढावं तशा.

कुसेवित्स्की गेल्यावर त्याचा बेस त्याच्या शेवटच्या बायकोकडे, ओल्गाकडे राहिला. 1962 मध्ये न्यूयॉर्कमध्ये गॅरी कार नावाच्या जेमतेम विशीतल्या मुलाची मैफल झाली. लॉस एंजलिसचा मुलगा, ज्यू घरातला, आणि पिढ्यान् पिढ्या डबल बेस वाजवणाऱ्यांच्या घराण्यातला. ओल्गा श्रोत्यांत होती. मुलगा वाजवत असताना आपला गेलेला नवरा मंचावर येऊन त्याला मिठी मारताना तिला दिसला, असं ती म्हणाली, आणि तिने तो बेस त्याला देऊन टाकला. त्याच वर्षी बर्नस्टाईनने त्याला आपल्या मुलांसाठीच्या दूरदर्शन मैफलीत आणलं. डबल बेस हेच आयुष्यभर पुढे बसून, एकट्याने वाजवून जगणारे वादक त्याआधी जवळपास नव्हतेच. त्याने ते केलं. तो बेस सगळे 1611 चा, इटलीतल्या आमाती बंधूंनी घडवलेला म्हणून ओळखायचे. पुढे लाकडाची वलयं मोजणाऱ्यांनी तपासलं, तर झाडाचं सर्वांत अलीकडचं वलय 1761 चं निघालं. आमाती बंधू तोवर कधीचेच गेलेले. म्हणजे ते नाव चुकीचं होतं. ओल्गाने दिलं ते लाकूड मात्र तेच होतं, आणि 1929 च्या त्या तीन मिनिटांत कुसेवित्स्कीच्या मांडीला टेकलेलं लाकूडही तेच असेल, असं मला वाटतं. नाव बदलायला सांगणाऱ्या माणसाच्या वाद्याचं नाव त्याच्यामागे असं बदललं. गॅरी कारने तो बेस शेवटी बेसवादकांच्या संस्थेला दिला, नव्या मुलांना वाजवायला मिळावा म्हणून.

बॉस्टनच्या काळातली आणखी एक हकीकत आहे, आणि तिनेच मला पुढे भलतीकडे नेलं. 1943 मध्ये हंगेरियन संगीतकार बेला बार्तोक न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात होता, आजारी, पैशाने गांजलेला, लिहिणं सुटलेला. कुसेवित्स्की त्याच्या खाटेशी गेला आणि हजार डॉलरची कामगिरी देऊन आला, ऑर्केस्ट्रासाठी काहीतरी मोठं लिहा म्हणून. बार्तोक उठून बसला, लिहिलं, आणि डिसेंबर 1944 मध्ये ते बॉस्टनला वाजलं. हाच बार्तोक तरुणपणी मेणाच्या नळकांड्यांचं यंत्र घेऊन खेड्यापाड्यांत हिंडला होता. 1913 च्या मार्चमध्ये तो कार्पेथियन डोंगरातल्या मारामारोश या मुलखात गेला आणि तिथल्या रोमानियन शेतकऱ्यांची गाणी टिपून आला. मारामारोश. नाव वाचून मी नकाशा काढला. आज अर्धा रोमानियात, अर्धा युक्रेनमध्ये. रोमानियन, हंगेरियन, रुथेनियन, रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत) आणि खूप ज्यू, सगळे एकमेकांच्या शेजारी राहायचे. 1944 च्या मे महिन्यात, बार्तोकचं ते नवं काम बॉस्टनला वाजायच्या सात महिने आधी, तिथल्या ज्यूंना गाड्यांत कोंबून आउश्वित्झच्या मृत्युछावणीत नेलं. खेडीच्या खेडी आठवड्याभरात रिकामी झाली.

गाणी कुठे गेली?

ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे आणि दर वेळी सांगताना घसा दाटतो. ज्यूंच्या लग्नात नेहमी ज्यूच वाजवायचे असं नव्हतं. मारामारोशमध्ये पुष्कळदा रोमा वाजवायचे. लग्नात वाजवणाऱ्याला गिऱ्हाइकाची गाणी पाठ असावी लागतात. आपल्याकडचा सनईवालाही कुठल्या घरी देवक बसताना काय वाजतं, वरातीला काय वाजतं, हे घरातल्यांपेक्षा नीट लक्षात ठेवतो. तसे हे रोमा ज्यूंची गाणी वाजवत. मग एके दिवशी गिऱ्हाईकच उरलं नाही. गाणी मागणारं कुणी नाही, ऐकणारं कुणी नाही, आणि तरीही ती दोन म्हाताऱ्या रोमा वादकांच्या बोटांत राहिली, एक व्हायोलिनवाला आणि एक सिंबालोमवाला, म्हणजे आपल्या संतूरसारखं काड्यांनी वाजवायचं वाद्य वाजवणारा. मुझिकाश या बुडापेस्टच्या लोकसंगीत वाजवणाऱ्या मंडळींनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि 1993 मध्ये ध्वनिमुद्रित केली. त्यांच्यात डबल बेस वाजवतो दानिएल हामार. पेशाने तो भूभौतिकशास्त्रज्ञ आहे. जमिनीच्या पोटातलं ऐकणं हे त्याचं दिवसाचं काम.

त्याचा बेस आणि कुसेवित्स्कीचा बेस हे वाद्य म्हणून एकच, पण ऐकताना विश्वास बसत नाही. खेड्यातल्या बेसला तीनच तारा, आतड्याच्या. गज आखूड आणि जड, मुठीत धरलेला. नाचणाऱ्यांच्या पायांना जमीन द्यायची एवढंच काम. आवाज करवतीसारखा खरखरीत येतो. इथे एकही जागा गोड नाही, आणि वरच्या व्हायोलिनला मात्र त्याच्यामुळेच उडायला धीर येतो. हामार कधीकधी बेस बाजूला ठेवून गार्दोन नावाचं एक वाद्य घेतो. चेलोच्या आकाराचं, लाकूड ओबडधोबड खोदून केलेलं. तारा सगळ्या एकाच स्वराच्या. ते गजाने वाजवायचं नाही, तारांवर काठी मारायची आणि एक तार बोटाने ओढून पट्टीवर आपटायची. धप्प, टक्. धप्प, टक्. ट्रान्सिल्व्हेनियाच्या पूर्वेला ग्यिमेश खोऱ्यात हे वाद्य आहे, आणि तिथली रीत अशी की नवरा व्हायोलिन वाजवतो आणि बायको गार्दोन. रात्रभर लग्नात, लांबच्या लांब सुरावटी नवरा वाजवतो, आणि शेजारी बसून बायको काठी मारते. व्हिडिओत एक म्हातारी दिसली. डोक्याला रुमाल, चेहरा स्थिर, नजर नवऱ्याच्या गजावर नाही, समोर कुठेतरी. मी त्या नजरेला ओळखते. बाई गात असताना माझी नजर समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्यावर असायची. गाण्याकडे बघितलं की हात गाण्याच्या मागे जातो.

त्याच मंडळींच्या तोंडी एक गाणं ऐकलं, कोंबडा आरवला, आता उजाडेल, असं सुरू होणारं. शब्द हंगेरियन, आणि हंगेरीतले ज्यू ते आपलं मानतात. आख्यायिका अशी, की नाग्यकालो गावचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, इत्झाक ताउब, जे 1821 मध्ये वारले, एकदा रानातून चालले होते आणि एक धनगर पोरगा हे गाणं गात होता. रब्बींना ते इतकं भिडलं की त्यांनी त्याला पैसे देऊन गाणं विकत मागितलं. पोराने शिकवलं. रब्बींना येताच पोरगा ते विसरून गेला. ऐकताना अंगावर काटा येतो. पण मला त्या पोराचं काय झालं असेल असं वाटत राहतं. गाणं देणाऱ्याने विसरून जावं, ही अट कशाला? माझ्या आजीने तिच्या ओव्या मला दिल्या, आणि तिच्याही होत्याच की शेवटपर्यंत.

एका दुपारी मी तानपुरा काढला आणि या गाण्यांतली एक सुरावट त्याच्यावर गुणगुणून बघितली. क्लेझ्मर संगीतातला एक नेहमीचा ठाट आहे, वादक त्याला फ्रेगिश म्हणतात, आणि सिनॅगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनाघरात, त्याला एका प्रार्थनेच्या आरंभावरून 'अहवा रब्बा' म्हणतात, थोर प्रेम. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद. पूर्वांग भैरवाचं, उत्तरांग भैरवीचं. म्हणजे आपला बसंत मुखारी. अर्थात स्वर तेच म्हणून राग तोच होत नाही, हे सांगायला नको. त्यांची चाल वेगळी, हुंदके वेगळ्या जागी. आणि मुख्य म्हणजे त्यांचा खर्ज चालतो. सूर खाली निषादाकडे कलला की बेसही तिकडे पाऊल टाकतो, परत येतो. आपला खर्ज बसलेला असतो, गाणाऱ्याने कुठेही जावं. माझ्या तानपुऱ्यावर ती लग्नाची सुरावट एकदम प्रार्थनेसारखी झाली. हळू झाली. मी थांबले, कारण मला ती तशी करायचा अधिकार आहे का ते कळेना.

ज्यूंचं गाणं माझ्यापासून तितकंही लांब नाही, हे लक्षात यायला मला उशीर लागला. पुण्याच्या लष्कर भागातल्या लाल देवळावरून, म्हणजे तिथल्या सिनॅगॉगवरून, मी कितीदा गेले. आणि कोकणातले बेने इस्रायली ज्यू, आपल्यासारखंच मराठी बोलणारे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या धर्मग्रंथांतल्या कथांवर मराठीत कीर्तनं करत होते. मोशेची कथा, कीर्तनाच्या चालीवर. मागे झांजा असतील, तंबोराही असेल कदाचित. आणि एक गोष्ट तर मी जन्मापासून ऐकत आले होते. वडील पहाटे रेडिओ लावायचे. आधी नुसती खरखर, मग आकाशवाणीची ती धून. ती ज्याच्या नावावर आहे तो वॉल्टर कॉफमन, कार्ल्सबादमध्ये जन्मलेला ज्यू संगीतकार, हिटलर सत्तेवर आल्यावर युरोप सोडून 1934 मध्ये मुंबईला आला, आकाशवाणीत काम केलं, 1946 पर्यंत राहिला. व्हायोलिन शिवरंजनीचे स्वर घेऊन येतं. आणि त्याच्याखाली काय वाजतं? मी लावून बघितलं, वडिलांच्याच स्पीकरवर. तानपुरा. लहानपणी अंथरुणात, अर्धवट झोपेत, पहिला जो सूर कानावर पडायचा त्याच्या खाली तो होता, आणि पन्नास वर्षं मी व्हायोलिनच ऐकत आले. माझं काम तानपुऱ्याचं. तरी मला तो ऐकू आला नव्हता.

त्या दुपारी मला गाळणीचा राग धरवेना.

भाचीला हे लिहिलं तेव्हा तिने फोनच केला. म्हणाली, मावशी, त्या ॲपमध्ये एक सोय असते, मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची. ती चालू केली की गाळणी बंद. आपण करून बघू. तिने सांगितलं तसं मी एकेक दाबत गेले. तिच्याकडे सकाळ होती, माझ्याकडे संध्याकाळचे साडेसात. गाणारं कुणी नव्हतं. मी तानपुरा मांडीवर घेतला, काळी पाचला जुळवला, दोरा सरकवत राहिले, आणि खर्ज उघडल्यावर नुसती वाजवत बसले. पाचेक मिनिटं ती काही बोलली नाही. पडद्यावर तिचं कपाळ आणि डोळे तेवढे दिसत होते, फोन टेबलावर ठेवून तिने कानाला जाडजूड हेडफोन लावले होते.

"येतंय?" मी विचारलं.

"येतंय गं. सगळ्या तारा येतायत. तो खालचा तर पोटात येतोय." मग थोडं थांबून, "फक्त आता पंखाही येतोय."

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. दिवसभर छत तापलेलं. मी तानपुरा भिंतीला टेकवला, उठून पंखा बंद केला, खिडकीही लावून घेतली, कारण खालून रिक्षांचा आवाज येत होता. पाती थांबेपर्यंत वाट बघितली. मग परत बसले आणि पंचमाच्या तारेपासून सुरुवात केली.